कागदाच्या पाठीवरची सही

नारायणगड बालाघाटाच्या डोंगररांगेत आहे. गडावर नगद नारायण महाराजांची समाधी आहे आणि बीडच्या पंचक्रोशीतली माणसं या जागेला धाकटी पंढरी म्हणतात. आषाढीला इथून पालखी निघते तेव्हा वाटा माणसांनी भरून वाहतात. दिवाळीनंतर मात्र त्याच वाटांवरच्या वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात, कारण कोयते निघालेले असतात. इथं कोयता म्हणजे ऊस तोडायचं हत्यार, आणि नवरा-बायकोच्या जोडीलाही एक कोयताच म्हणतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली टोळी ट्रकमध्ये संसार भरते आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या एखाद्या साखर कारखान्याजवळ कोप्या घालून राहते. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, घर सांभाळायला मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि एखादी बाळंतीण.

समजा, अशा एका घरासमोर माघातल्या दुपारी पोलीस शिपाई उभा राहतो. हातात एकाच मजकुराचे दोन कागद आहेत. घरचा कर्ता माणूस तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात आहे. अंगणात त्याची बायको आहे. शिपाई म्हणतो, "कोर्टाचं समन्स आहे." एका मुकादमानं फिर्याद केली आहे, की या माणसानं उचल घेतली, कामावर आला नाही आणि फसवणूक केली. बायकोला पक्कं ठाऊक आहे की ती उचल त्यानं कधी घेतलीच नाही. तरी तिच्या पोटात गोळा येतो. कोर्टाचा कागद दारात आला म्हणजे गावात नाव गेलं, असंच आपल्याकडे वाटतं.

हा माणूस मी कल्पनेनं उभा केला आहे. त्याच्या दारात आलेला कागद मात्र खरा असतो, आणि त्याच्याकडे जितकं निरखून पाहावं तितका तो चकित करतो. भीतीनं आपण तो नीट वाचतच नाही. वाचला तर कळतं, की त्यात 'तू गुन्हेगार आहेस' असं वाक्य कुठंच नाही. त्यात एवढंच आहे: तुझ्याविरुद्ध अमुक तक्रार आहे, अमुक तारखेला ये.

आठवण करून देणारा शब्द

समन्स हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला, पण त्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथं त्याचा अर्थ आहे हळूच आठवण करून देणं, सुचवणं. ज्या धातूपासून तो निघाला, त्याच धातूपासून शाळेतल्या वर्गाचा मॉनिटर निघाला. ज्या शब्दानं आज घरचा दिवा मिणमिणतो, तो मुळात कानाशी येऊन सांगितलेली सूचना होता!

मराठी मुलखात इंग्रज यायच्या कितीतरी आधी न्यायाचं बोलावणं होतं. पेशवाईतल्या कागदांत 'मसाला करून हुजूर आणणे' असे शब्द येतात. इथं मसाला म्हणजे बोलावणं घेऊन जाणाऱ्या माणसासाठी पक्षकाराकडून घ्यायची रक्कम. येत नाही म्हणणाऱ्याच्या दारात मोहसल बसवत, म्हणजे सरकारी माणूस येऊन बसे आणि तो बसला असेपर्यंत त्याचा खर्च त्या घरानं सोसायचा. वादी-प्रतिवादी हजर झाले की आधी दोघांकडून राजीनामा घेत. आज राजीनामा म्हटलं की नोकरी सोडणं आठवतं. तेव्हा तो 'इथं जो निवाडा होईल तो मान्य करू' असा दोघांच्या राजीखुशीचा कागद होता. वेळेवर हजर राहण्याबद्दल हाजीर जामीन द्यावा लागे. मग प्रत्येकाची तकरीर, म्हणजे आपल्या बाजूची हकीकत, लिहून घेत. साक्षी होत. गोतसभा किंवा मजालस, म्हणजे न्यायसभा, बसे, महजर, म्हणजे त्या सभेचा कागद, तयार होई आणि शेवटी निवाडपत्र. हरणाऱ्याला येजितखत लिहून द्यावं लागे, की माझा दावा खोटा ठरला.

या सगळ्या साखळीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. निवाड्याच्या आधी तकरीर आहे. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय शाई वाळत नाही. जगातल्या कितीतरी न्यायपरंपरा वेगवेगळ्या वाटांनी याच जागी पोहोचल्या: दुसरी बाजू ऐका. आजच्या समन्सचा आत्मा हाच आहे. तो कागद म्हणतो, तुझं म्हणणं कळल्याशिवाय आम्हाला पुढं जाता येत नाही.

पण जुन्या व्यवस्थेत एक भयंकर फटही होती. साक्षीपुराव्यानं उलगडा झाला नाही तर माणसाला दिव्य करायला लावत. रवा दिव्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, मग हात पिशवीत घालून त्यावर मोहोर करायची आणि काही दिवसांनी पिशवी उघडून पाहायचं. हात भाजलेला नसेल तर तो खरा. निरपराध असल्याचं ओझं त्या माणसाच्या कातडीवर टाकलेलं होतं. आजच्या कायद्यानं हे ओझं उचलून दुसऱ्या खांद्यावर ठेवलं आहे. आरोप करणाऱ्यानं तो सिद्ध करायचा. ज्याच्यावर आळ आला, त्यानं हात तेलात घालायचा नाही. या एका बदलात मला माणसाच्या शतकांच्या शहाणपणाचा निचोड दिसतो.

कागदाची रचना

आता आपल्या अंगणातल्या त्या दोन कागदांकडे परत जाऊ. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिचं ६३ वं कलम सांगतं की कागदी समन्स दोन प्रतींत हवं, त्यावर न्यायाधीशांची किंवा उच्च न्यायालयानं नेमून दिलेल्या अधिकाऱ्याची सही हवी आणि न्यायालयाचा शिक्का हवा. आता ते इलेक्ट्रॉनिक पद्धतीनंही निघू शकतं. तेव्हा शिक्क्याची प्रतिमा किंवा डिजिटल सही लागते. कागदी समन्सची एक प्रत घरात राहते. दुसऱ्या प्रतीच्या पाठीवर घेणाऱ्यानं पोच म्हणून सही करायची आणि ती प्रत न्यायालयाकडे परत जाते.

ही सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. अनेक घरांत भीतीनं सही टाळतात, शिपायाला पाहून मागच्या दारानं निघून जातात. त्यानं काही थांबत नाही. माणूस सापडलाच नाही तर समन्स घराच्या दर्शनी भागावर चिकटवता येतं आणि ते पोहोचलं असं धरता येतं. मग तारखेला गैरहजर राहिल्यावर निघतं ते वॉरंट. ते जामीनपात्र असेल, नाहीतर अजामीनपात्र. ज्यानं काहीच केलेलं नाही, तोही केवळ न गेल्यामुळं पकडला जाऊ शकतो. खोट्या आरोपाला उत्तर देण्याची पहिली पायरी म्हणूनच अगदी साधी आहे. कागद घ्या, सही करा, तारीख वाचा.

आता तो नवरा फडात आहे आणि घरात बायको आहे, त्याचं काय? इथं कायद्यानं नुकताच एक लहानसा शब्द गाळला आहे, आणि त्या गाळण्यात फार मोठी गोष्ट आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार माणूस सापडला नाही तर समन्स त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या 'प्रौढ पुरुष' सदस्याकडे देता येई. घरात बायको, आई, मोठी बहीण असली तरी कायद्याच्या लेखी तिच्या हातात दिलेला कागद पोहोचत नसे. नव्या संहितेच्या ६६ व्या कलमात 'पुरुष' हा शब्द नाही. कुटुंबातली, सोबत राहणारी कोणतीही प्रौढ व्यक्ती समन्स घेऊ शकते.

नारायणगडाच्या पायथ्याच्या वस्त्यांसाठी हा बदल किती नेमका आहे! जिथं हंगामात पुरुष घरात नसतातच, तिथं घराच्या वतीनं न्यायालयाशी बोलायचा अधिकार आता उंबऱ्यात उभ्या असलेल्या बाईला मिळाला. तिनं सही केली की समन्स पोहोचलं. आणि त्या संध्याकाळी फोनवरून कोपीतल्या नवऱ्याला तारीख सांगणंही तिच्याच हातात आलं.

आधी ओळख, मग उत्तर

कागद हातात आल्यावर तो शांतपणे वाचायचा. कोणतं न्यायालय, कोणता खटला क्रमांक, कोणती तारीख, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपल्याला कोण म्हणून बोलावलं आहे. समन्स साक्षीदारालाही येतं. दिवाणी दाव्यात प्रतिवादीला येतं. तिथं ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची असते, न्यायालय कारण नोंदवून ९० दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकतं, आणि दुर्लक्ष केलं तर एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. फौजदारी खटल्यात आरोपी म्हणून आलेलं समन्स वेगळं.

पोलिसांची नोटीसही वेगळी. चौकशीसाठी हजर राहा, अशी नोटीस पोलीस नव्या संहितेच्या ३५ व्या कलमाखाली देतात. ती व्हॉट्सॲपवरून बजावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. ही ओळख आज फार गरजेची झाली आहे, कारण खोट्या शिक्क्यांची 'समन्स' पाठवून, व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दाखवून लोकांना लुटण्याचा धंदा फोफावला आहे. डिजिटल अटक नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पैसे भरून खटला मिटवा, असं कोणतंही न्यायालय फोनवर सांगत नाही. खरा खटला असेल तर त्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो आणि तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकला की न्यायालय, पक्षकार आणि पुढची तारीख समोर येते. नारायणगडाच्या वस्तीवरच्या शाळकरी पोरानं आजीच्या मोबाईलवर ते दोन मिनिटांत तपासावं, इतकं सोपं झालं आहे ते.

मग वकील. गरीब माणसाचं पाऊल इथंच अडतं. वकिलाला द्यायला पैसे कुठून आणायचे? संविधानाचं २२ वं कलम पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क अटक झालेल्या माणसाला देतं, आणि ३९-अ कलम राज्याला सांगतं की पैशाअभावी कोणाचा न्याय हुकू नये. त्यातूनच विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ आला आणि ९ नोव्हेंबर १९९५ ला लागू झाला. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतली माणसं आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे, अशा सगळ्यांना मोफत वकील मागता येतो. स्त्रीला तर उत्पन्नाची अटच नाही. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण असतं, आणि १५१०० हा फोन क्रमांक देशभर चालतो. ही मदत कोणाची मेहेरबानी नाही. हक्कानं मागायची गोष्ट आहे.

पुकारा झाल्यावर

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहायचं आणि आपल्या नावाच्या पुकाऱ्याची वाट पाहायची. जामिनाची वेळ आली तर जामीनदार सोबत असावा. खेड्यात तो सातबारा काखेत घेऊनच येतो. दर तारखेला येणं अशक्य असेल, तर वकिलामार्फत हजर राहण्याची परवानगी मागता येते. फडात असलेल्या मजुरासाठी ही सोय म्हणजे बुडणारी मजुरी वाचणं.

हजर झाल्यावर आरोपीला कागद मिळायला हवेत. पोलीस तपासाच्या खटल्यात दोषारोपपत्र, जबाब, पंचनामे यांच्या प्रती त्याला मोफत मिळतात. खाजगी फिर्यादीत समन्ससोबत फिर्यादीची प्रत जोडलेली असावी लागते. आपल्याविरुद्ध काय लिहिलं आहे, हे आधी आपल्या डोळ्यांनी वाचायचं आणि मग उत्तर द्यायचं. जुन्या काळी कुजबुजीनं माणूस बदनाम होई. इथं कुजबुजीला कागदावर उतरावं लागतं आणि सही करावी लागते.

मग लहान खटल्यांत, जिथं शिक्षा दोन वर्षांपेक्षा जास्त नाही, न्यायाधीश आरोपाचा सारांश सांगतात आणि विचारतात: गुन्हा कबूल आहे का? या क्षणाशी मला थांबावंसं वाटतं. कारण इथंच अनेक निरपराध माणसं स्वतःच्या हातानं दोषी होतात. शेजारचा कोणी कानात सांगतो, "कबूल कर, थोडा दंड भर, मोकळा हो. किती खेपा घालशील?" दंड भरला की प्रकरण संपेल, असं वाटतं. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. ती नोंद राहते, आणि पुढं कुठंही विचारणा झाली की तीच वर येते. ज्यानं केलेलं नाही, त्यानं तीन शब्द म्हणायला हवेत: गुन्हा कबूल नाही. हे शब्द उच्चारायला धाडस लागतं. पण त्या शब्दांमागं संविधानाचं २० वं कलम उभं आहे, जे म्हणतं की कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. पुढं फिर्यादीचा पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला त्याची बाजू विचारतात, तेव्हाही त्याला शपथ देत नाहीत. शपथेच्या पेचात न अडकता त्याला बोलता यावं, म्हणून.

नव्या संहितेनं याच टप्प्यावर आणखी एक दार उघडलं आहे. अशा खटल्यात आरोप निराधार आहे असं न्यायाधीशांना दिसलं, तर कारणं लिहून ते आरोपीला तिथंच मोकळं करू शकतात. आणि त्याच्याही आधी, खाजगी फिर्यादीत, न्यायालयानं दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी, असं संहितेचं २२३ वं कलम सांगतं. पूर्वी फिर्यादी एकटाच न्यायाधीशांसमोर बोलायचा आणि ज्याच्यावर आळ, त्याला समन्स आल्यावरच कळायचं. आता त्याचा आवाज एक पायरी आधी ऐकला जातो.

न्यायालयानं समन्स काढणं ही गंभीर गोष्ट आहे, यंत्रासारखा शिक्का मारून ते काढायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९७ च्या पेप्सी फूड्स खटल्यात बजावलं होतं. आरोपी न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहत असेल, तर समन्स काढण्याआधी चौकशी करणंही बंधनकारक आहे. दूरच्या माणसाला उगाच खेटे घालायला लावू नये, हा त्यामागचा हेतू. फिर्याद उघडउघड दुष्ट हेतूनं केलेली असेल, तर ती रद्द करा म्हणून उच्च न्यायालयाकडे जाता येतं. मराठवाड्यातल्या माणसाला त्यासाठी एकेकाळी मुंबई गाठावी लागे. १९८१ पासून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, खंडपीठ बसू लागलं आणि ही वाट जवळ आली.

पावतीसुद्धा बोलते

निरपराध माणसानं सिद्ध काही करायचं नसलं, तरी खरं काय घडलं ते दाखवणारे कागद जपायचे. आपल्या ऊसतोड मजुराचं पाहा. समजा फिर्यादीत लिहिलं आहे, की अमुक दिवशी त्यानं बीडला येऊन रोख उचल घेतली. पण त्या दिवशी तो फडात होता. कारखान्याच्या वजनकाट्यावर त्याच्या टोळीच्या उसाची गाडी वजन झाली, त्या पावतीवर तारीख आहे, वेळ आहे. टोळीच्या हजेरीच्या वहीत नाव आहे. बँकेच्या पासबुकात नोंद आहे. सोबत्यांनी त्याला पाहिलं आहे. 'मी तेव्हा दुसरीकडे होतो' या बचावाला इंग्रजीत ॲलिबाय म्हणतात, आणि त्या लॅटिन शब्दाचा अर्थच 'दुसरीकडे' असा आहे. हा बचाव घेणाऱ्याला मात्र तो पुराव्यानिशी दाखवावा लागतो. म्हणून वकील भेटताच पहिल्या दिवशी ते सांगायचं आणि मूळ कागद कोणाच्या हाती न देता प्रती काढून ठेवायच्या. मोबाईलमधले संदेश पुसायचे नाहीत. ते पुरावा म्हणून देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. आणि फिर्यादीला जाऊन भेटायचं नाही, साक्षीदारांना समजवायला जायचं नाही. रागाच्या भरात बोललेलं एक वाक्यही खऱ्या माणसाला नव्या खटल्यात ओढू शकतं.

उसाच्या गाडीचं वजन करणाऱ्या काट्यानं एका माणसाची सचोटी तोलावी, याचं मला नवल वाटतं. आपण रोज किती निर्जीव साक्षीदार मागं ठेवत जातो! सत्याचे माग अशा ठिकाणी पडलेले असतात, जिथं ते ठेवावेत असं कोणाच्या मनातही नव्हतं.

औरंगाबादचं दत्तकविधान

खोट्या आरोपाला तारखेमागून तारीख उत्तर देण्याचं मराठी इतिहासातलं सगळ्यात मोठं उदाहरण मराठवाड्याच्या मातीतच सुरू झालं. ७ ऑगस्ट १८९७ ला पुण्यातले सरदार बाबा महाराज वारले. मरताना त्यांनी आपल्या इस्टेटीच्या विश्वस्तांत लोकमान्य टिळकांना नेमलं. राजद्रोहाच्या खटल्यात टिळक जामिनावर सुटून तेव्हा जेमतेम तीन दिवस झाले होते. पुढं बाबा महाराजांच्या विधवा पत्नी ताई महाराज यांनी दत्तक घ्यायचं ठरलं. जून १९०१ मध्ये निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादला जगन्नाथ नावाच्या मुलाचं दत्तकविधान झालं. काही आठवड्यांत वारं फिरलं. कोल्हापूरच्या दुसऱ्या मुलाला दत्तक घेतलं गेलं आणि औरंगाबादला दत्तकविधान झालंच नव्हतं, असा पवित्रा घेतला गेला.

या वादात ॲस्टन नावाच्या जिल्हा न्यायाधीशांनी १९०२ मध्ये टिळकांवर विश्वास ठेवला नाही. टिळकांनी शपथेवर खोटं सांगितलं, बनावट कागद केले, असे आरोप ठेवून त्यांना फौजदारी न्यायालयापुढं उभं केलं. ज्या माणसाच्या शब्दावर अख्खा महाराष्ट्र विसंबत होता, त्याच्यावर खोटेपणाचा आळ! ऑगस्ट १९०३ मध्ये विशेष दंडाधिकारी क्लेमेंट्स यांनी दीड वर्षाची शिक्षा दिली. सत्र न्यायाधीश ल्यूकस यांनी अपिलात ती सहा महिन्यांवर आणली, पण दोष कायम ठेवला. दोन न्यायालयं, दोन्ही निकाल विरोधात. टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर होते, तरी त्यांना हेच सोसावं लागलं. मार्च १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती लॉरेन्स जेंकिन्स यांच्यापुढं खटला गेला आणि टिळकांची निर्दोष मुक्तता झाली. दत्तकाचा दिवाणी वाद त्यानंतरही चालला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं १९१५ मध्ये औरंगाबादचं दत्तक वैध ठरवलं, तेव्हा जवळपास चौदा वर्षं होत आली होती.

या काळात टिळकांनी काय केलं? ते तारखांना हजर राहिले, उलटतपासणीला सामोरे गेले, कागदांना कागदांनी उत्तर दिलं. आणि त्याच धामधुमीत, १९०३ साली, वेदांतल्या ऋचांवरून आर्यांचं मूळ उत्तर ध्रुवाकडे शोधणारा त्यांचा ग्रंथही प्रसिद्ध झाला. खोट्या आरोपाला त्यांनी उत्तर दिलं, पण स्वतःचं आयुष्य त्याच्या ताब्यात दिलं नाही.

न्यायालयाला पायऱ्या का असतात, ते या खटल्यात लख्ख दिसतं. तीच साक्ष, तेच कागद, पण पाहणारे डोळे वेगळे. एका जागी बसलेला माणूस चुकू शकतो, हे व्यवस्थेनं आधीच मान्य केलं आहे. म्हणून अपील आहे.

न विचारताच ठरवलेले गुन्हेगार

ही व्यवस्था चुकत नाही, असं म्हणणं अन्याय होईल. नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर २००३ मध्ये दरोडा आणि खून झाले. त्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना फाशीची शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयानंही एकदा ती कायम केली. पुढं त्याच न्यायालयानं फेरविचार केला आणि ५ मार्च २०१९ ला सहाही जणांना निर्दोष सोडलं. राज्यानं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. तोवर सोळा वर्षं गेली होती. पाच लाखांत सोळा वर्षं मोजता येत नाहीत, हे सांगायला न्यायमूर्ती लागत नाहीत.

त्यांच्यामागं आणखी जुना अन्याय उभा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. त्यांना कधी समन्स आलं नाही. 'तू काय केलंस?' असं कोणी विचारलंच नाही. थेट नोंद आणि पोलिसांकडे हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला आणि त्या जमातींना विमुक्त म्हणू लागले. हे आठवलं की दारात आलेल्या समन्सकडे पाहण्याची दृष्टी बदलते. त्या कागदावर एका माणसाचं नाव असतं आणि एका कृत्याबद्दलचा प्रश्न असतो. अख्ख्या वस्तीला एकदम अपराधी ठरवण्याच्या अगदी उलट टोकाला तो कागद उभा असतो.

आरोपीनं खटला जिंकल्यावर कायदा फिर्यादीलाही जाब विचारू शकतो. वाजवी कारणाशिवाय आरोप केला असं दिसलं, तर दंडाधिकारी फिर्यादीला नुकसानभरपाई द्यायला लावू शकतात. संहितेच्या २७३ व्या कलमात ही तरतूद आहे. इजा करण्याच्या हेतूनं जाणूनबुजून खोटा गुन्हा लादणं हा भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे. जुन्या काळच्या येजितखताचंच हे नवं रूप म्हणायला हवं.

आता पुन्हा अंगणात येऊ. बायको शिपायाकडून पेन घेते. कडेवर लेकरू आहे, म्हणून कागद ती दाराच्या चौकटीवर टेकवते आणि दुसऱ्या प्रतीच्या पाठीवर आपलं नाव लिहिते. एक प्रत ती देवळीत जपून ठेवते. दुसरी शिपायाच्या पिशवीतून फायलीत परत जाते. तारखेच्या दिवशी न्यायाधीश ती उलटी करून पाहतील. आपलं बोलावणं खरंच त्या घरापर्यंत पोहोचलं का, ते पाहण्यासाठी. एवढं मोठं राज्य, त्याचा शिक्का, त्याचे पोलीस, आणि पुढचं पाऊल टाकण्याआधी ते थांबून शोधत असतं नारायणगडाच्या पायथ्याच्या एका बाईची सही.